इंजिन बंद न करता ठाण्याला

ठाकुर्लीहून ठाण्याला जायला मला पाऊण तास लागतो. त्या रविवारी त्याआधीचा दीड तास आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच गेला, त्यामुळे प्रवासवर्णन तिथूनच सुरू करायला हवं.

आम्ही नवरा-बायको सहा आठवडे नाशिकला मुलीकडे राहून परतलो होतो. तेवढे दिवस गाडी कव्हर घालून जागेवर उभी. आता ठाण्याला ताईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, जेवायला जायचं होतं. जेवण हे निमित्त. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते. डॉक्टर म्हणत होते, गुडघा ठणठणीत आहे, हिंडाफिरायला लागा. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ताईने जिन्याचा असा धसका घेतला होता, की ती उंबरठ्याबाहेर पाऊलच टाकत नव्हती. भाच्याने कधीच हात टेकले होते. आज तिला खाली उतरवून तलावपाळीवर, तळ्याकाठी फिरायला नेतोच, असं मी बायकोला, वसुधाला, छातीठोकपणे सांगितलं होतं.

किल्ली फिरवली. कट्ट. पुन्हा फिरवली, तर तेवढाही आवाज नाही.

आमच्याकडे कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की चार माणसं जमतात आणि पाच मतं पडतात. सगळी मतं ऐकून झाल्यावर मी मानपाड्याच्या बॅटरीवाल्या पाटलांना फोन केला. पाटील स्कूटरवर पायाशी एक चार्ज केलेली बॅटरी ठेवून आले. बॉनेटकडे न जाता त्यांनी आधी काचेतून आत डोकावून पाहिलं.

"काका, ह्यो गनपतीचा दिवा बंद नाय करत काय?"

डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे आमच्याकडे एक लाल दिवा असतो. गाडी बंद केल्यावर तो विझू नये, म्हणून वसुधाने वायरमनकडून थेट बॅटरीला जोडून घेतला होता. आम्ही नसतानाही तो बॅटरी संपेपर्यंत रात्रंदिवस तेवत राहिला होता.

"देवाला अंधारात कसं ठेवायचं?" वसुधा म्हणाली.

"नका ठेवू, काकी. पन बॅटरीनं उपास किती दिवस करायचा?"

पाटलांनी दिव्याची वायर सोडवली आणि जंप केबल (एका बॅटरीची वीज दुसरीला पोचवणारी जाड वायर) लावली. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. वसुधाने गणपतीला हात जोडून माफी मागितली.

"आता तासभर तरी इंजिन बंद करू नका," पाटील म्हणाले. "बंद केलंत तर पुन्ना चालू व्हईल का नाय, सांगता येनार नाय. आन् दर हप्त्याला गाडीला जरा फिरवून आना."

निघालो. मानपाडा रोडला पेट्रोल भरायला वळलो, तर पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, इंजिन बंद करा." मी म्हटलं, बंद करता येत नाही. "मग पेट्रोल पण देता येत नाही." त्याचंही बरोबर होतं. काटा खाली झुकलेला, तरी तसाच पुढे गेलो. एसी लावायची माझी छाती होईना. शीळफाट्याला कंटेनरच्या रांगेत घामाघूम होऊन बसलो, तेव्हा वसुधा पदराने मला वारा घालत होती. आपल्या दिव्याची भरपाई म्हणूनच असावी, कारण एरवी ती मला वारा घालत नाही. मुंब्रा बायपासला मात्र बरं वाटलं. एका अंगाला डोंगर, दुसरीकडे खाली इमारती आणि त्यांच्या पलीकडे चकाकणारी खाडी. एरवी मी इथे थांबतो. आज थांबायची सोय नव्हती.

नौपाड्यात ताईच्या इमारतीखाली पोचलो तेव्हा पाऊणच तास झाला होता. गल्ली अरुंद, मागे टेंपो. हॉर्न ऐकून ताई गॅलरीत आली.

"अरे, वर या! पानं घेतली आहेत."

"ताई, गाडी बंद करता येत नाही!"

"म्हणजे?"

"बंद केली तर इथेच राहील! बॅटरी उतरली आहे!"

"मग मी काय अळूवड्या टोपलीतून खाली सोडू?"

टेंपोवाला हॉर्न वाजवायला लागला. मी वर ओरडलो, "राहू दे ताई, चक्कर मारून येतो!"

"उपाशी कुठे जातोस? थांब तिथेच!" असं म्हणून ती आत गेली.

वसुधा वर धावली. मला गाडी सोडता येईना. जिन्यातून नुसते आवाज यायचे. काठीचा टकटक आवाज, वसुधाचं "सावकाश", ताईचं "कळतंय मला", मग बराच वेळ काहीच नाही. टेंपोवाला शिव्या द्यायच्या तयारीने उतरून आला. त्याने जिन्यात वाकून पाहिलं आणि त्याचा सूरच बदलला. "आजी, आरामात या, मला काही घाई नाही."

ताई बाहेर आली ती एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन. डबा तिने वसुधाला दिलाच नव्हता. केस विंचरलेले नव्हते, साडी घरातली होती. माझे डोळे भरून आले. एवढी वाक्यं मी पाठ करून आलो होतो, त्यातलं एकही बोलावं लागलं नव्हतं.

"रडतोस काय? पुढे घे. तो बिचारा कधीचा खोळंबलाय," पुढच्या सीटवर बसत ताई म्हणाली.

तलावपाळीला आम्ही गाडीतूनच प्रदक्षिणा घातल्या आणि डब्यातल्या अळूवड्यांवरच जेवण उरकलं. तिसऱ्या फेरीला मी म्हटलं, बॅटरीवाल्या पाटलांनी तासभर तरी चालू ठेवायला सांगितलं होतं, तो तास झाला. ताई म्हणाली, "तासभर 'तरी' म्हणाले ना ते? अजून एक फेरी मार."

परतल्यावर, पेट्रोल भरायला कधीतरी बंद करावंच लागणार म्हणून, धीर करून इंजिन बंद केलं. ताई प्रत्येक मजल्यावर थांबत, पण स्वतःच्या पायांनी वर गेली. वरून तिने हात हलवल्यावर मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

घरी जाताना माझ्या लक्षात आलं. सात महिने आम्ही सगळे ताईला समजावत होतो, आणि हे बरं नाही, ते बरं नाही, असं सांगत होतो. तिच्याकडे काही मागितलं मात्र कुणीच नव्हतं. त्या दिवशी भाऊ दारात उपाशी होता, म्हणून ती उतरली.

पुढच्या रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये गाडीचं कव्हर काढत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"निघालास का रे?" ताईच्या आवाजामागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. "मी खाली येऊन उभी आहे."