नऊशे बारा मतं

लाँड्रीवाल्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नसे. वीस वर्षं सगळे त्याला डमी म्हणत, आणि तेही तोंडावर.

त्याचा गुन्हा एवढाच, की त्याचं नाव-आडनाव थेट आमदाराचंच होतं. दुकानासमोरचं गटार तुंबलं, धुतलेल्या कपड्यांना घाण वास येऊ लागला, म्हणून तो तक्रार घेऊन आमदाराकडे गेला. आमदार चारचौघांत हसला. "आपलं नाव एकच ना? मग तुम्हीच व्हा की आमदार!" लाँड्रीवाला मुळातच तिरसट, राग कायम नाकावर. पुढच्याच महिन्यात निवडणूक लागली आणि याने खरोखर अर्ज भरला. अपक्ष, चिन्ह शिट्टी. आमदार आठशे तीन मतांनी पडला. याला मिळाली नऊशे बारा.

झालं! विरोधकांनी उभा केलेला डमी, असा शिक्का बसला तो बसलाच. आमदाराच्या माणसांनी कपडे देणं बंद केलं. निवडून आलेल्यांनीही कधी एक सदरा पाठवला नाही. गरज सरो, वैद्य मरो. गटार तुंबलेलंच राहिलं. बायको उठता-बसता उद्धार करायची, "निघाले आमदार व्हायला, आणि हातची गिऱ्हाइकं घालवून बसले!"

आता फेररचनेत जुना मतदारसंघच मोडीत निघाला. एका निवृत्त मास्तरांनी त्याचा निवडणूक इतिहास लिहायला घेतला: कोण किती वेळा निवडून आला, कोणी कोणाचा पत्ता कापला. त्यात एक ओळ होती, 'नामसाधर्म्यामुळे ९१२ मते फुटली.' हे कानावर येताच लाँड्रीवाला हातातलं काम टाकून मास्तरांच्या घरी धडकला.

"फुटली म्हणजे काय? मला मिळाली ती!"

"पुरावा आणा," मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले. "केंद्रनिहाय आकडे मिळतात. तुमच्या गल्लीत लोक तुम्हाला ओळखतात. तिथल्या केंद्रावर मतं पडली असतील, तर तुमची. नाहीतर चुकून पडलेली."

त्याने निवडणूक कार्यालयात सात खेटे घातले. कारकुनाशी दोनदा भांडला. अखेर कागद हाती आला. जिथे त्याला कुत्रं ओळखत नव्हतं, अशा लांबच्या गावांत मतंच मतं. स्वतःच्या गल्लीच्या केंद्रावर एक.

घरची मतं दोन आणि पेटीत एक! त्याचं डोकं फिरलं. तो तसाच घरी आला आणि बायकोपुढे कागद फेकला.

"घरभेदी! माझ्या घरात राहून त्या माणसाला मत दिलंस?"

बायकोने आकडा पाहिला. "हे एक माझं आहे."

"खोटं! मग माझं कुठे गेलं?"

"शिट्टी बघून शिक्का मारला होतात का?"

चिन्ह त्याने बघितलंच नव्हतं. आपलं नाव असं छापलेलं आयुष्यात पहिल्यांदा दिसलं, ऊर भरून आला, आणि त्याने त्या पहिल्याच नावावर शिक्का हाणला होता. ते नाव आमदाराचं होतं. त्याचं स्वतःचं पार खाली, अपक्षांत होतं.

"मला तेव्हाच कळलं," बायको म्हणाली. "बाहेर येऊन म्हणालात, 'पहिलंच नाव माझं!' तिथेच कपाळावर हात मारला मी."

"मग तू मला का दिलंस?"

"प्रेमाने नाही दिलं. एकही मत पडलं नसतं तर माहेरी काय तोंड दाखवणार होते?"

त्याला स्वतःची इतकी लाज वीस वर्षांत कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मास्तरांकडे गेला.

"ओळ बदला. ९११ फुटली, असं लिहा. एक मिळालं."

मास्तर खो-खो हसले. "अहो, एका मतासाठी? असलं बारीकसारीक इतिहासात लिहीत नाहीत."

लाँड्रीवाल्याने त्यांच्या टेबलावरचं पेन उचलून त्यांच्यापुढे आपटलं.

"लिहा. ते माझ्या बायकोचं आहे."