छातीवर पाणी

साहेबाने माझ्या शर्टावर, बरोबर छातीवर, खडूने काहीतरी लिहिलं. इंग्रजीत. मला वाचता येईना, चौथीतच शाळा सुटलेली. शेजारी काम करणाऱ्या गणपतला विचारलं. तो हसत म्हणाला, "वॉटर लिहिलंय रे. पाणी झालास तू."

अंधेरीला एमआयडीसीत पंपाचा कारखाना होता. ऐंशीनंतरची गोष्ट. मी टेम्पररी, कास्टिंग म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग घासायचो. मधूनमधून कॉलेजची पोरं कारखाना बघायला यायची आणि साहेबाला त्यांच्यापुढे मिरवायची हौस.

जड कास्टिंग फिरवून घासायला एक लोखंडी गोल टेबल होतं. साहेब मला त्यावर उभं करायचा. गणपत टेबल हाताने फिरवायचा. मी मात्र तोंड गेटकडेच ठेवायचं. खालून टेबल फिरतंय, मी पाय सरकवत गेटकडे बघतोय. सर्कशीतलं अस्वल बरं. त्याला निदान तिकीट काढून बघतात.

साहेब पोरांना सांगायचा, "टेबल म्हणजे इंपेलर, पंपातलं पात्यांचं चाक. हा पाणी. चाक फिरलं तरी पाण्याचं तोंड होतं तिकडेच. म्हणून पाती नेतील तसं ते पूर्ण जात नाही, बाहेर पडताना मागे राहतं. ह्याला स्लिप म्हणतात." मग माझ्याकडे बोट. "ह्यांच्या लोकांसारखं. कितीही ढकला, मागेच."

पोरं हसायची.

पाण्याचं त्याचं बरोबर होतं. ते मी नाकारत नाही. पण गावाला ह्याच्याच जातवाल्यांनी माझ्या बापाला विहिरीला हात लावू दिला नाही, आणि हा मलाच पाणी म्हणून उभा करतो. एवढी अक्कल घेऊन इंजिनिअर झाला होता.

चार-पाच वेळा उभा राहिलो. का? पर्मनंट करणं साहेबाच्या हातात होतं म्हणून. एकदा बायकोने शर्ट धुवायला घेतला. म्हणाली, "अहो, हे काय लिहिलंय?" मी शर्ट तिच्या हातातून ओढला आणि स्वतःच घासायला बसलो. तिथेच कळलं. जे बायकोला सांगता येत नाही, ते काम नव्हे.

पुढच्या वेळी साहेब खडू घेऊन आला. मी म्हटलं, "टेबलावर लिहा. माणसावर नाही."

"अंगात आलंय का रे? पर्मनंट व्हायचंय ना?"

"व्हायचंय. पाणी म्हणून नाही."

गणपत कानाशी लागला, "उभा राहा ना यार, तुझं काय झिजतंय?"

मी हललो नाही. साहेबाने गेट दाखवलं. ज्या गेटकडे तोंड करून गोल गोल फिरलो, त्यातूनच बाहेर पडलो. जाताना बघितलं, गणपत टेबलावर चढत होता. तो पर्मनंट झाला म्हणतात. होऊ दे. थुंकतो मी असल्या पर्मनंटवर.

पाण्याचा हट्ट साहेब मुकाट्याने मान्य करायचा. त्याप्रमाणे हिशोब बदलायचा, चाकाला पाती वाढवायचा. पाण्यापुढे त्याची मिजास चालत नव्हती. माणसाने हट्ट धरला की गेट.

आता दिंडोशीला मुलीकडे राहतो. कुणी म्हणालं, "आजोबा, जरा इथे उभे राहा," तर आधी विचारतो, कशाला? उत्तर पटलं नाही तर हलत नाही. जावई म्हणतो, म्हातारा हट्टी आहे.

आहे. मरेपर्यंत राहणार.