उभं राहून दिलेला मान

आखातातल्या जुफैरच्या सलूनमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर काम करणारी जॉर्जियन बाई नेहमी म्हणायची, "आमच्यात बाईला फार मान. ते फेमिनिझम वगैरे नवरा न मिळालेल्यांसाठी."

एका शुक्रवारी तिने आम्हा नवराबायकोला घरी जेवायला बोलावलं. मी गेल्या गेल्या सवयीने स्वयंपाकघरात शिरले. दोघी चीज भरलेल्या रोट्या भाजत राहिलो. बाहेर पुरुष पीत बसले होते. त्यांच्यात प्रत्येक ग्लासाआधी यजमान कुणाच्या तरी नावाने छोटंसं भाषण करतो. आधी देश झाला, मग वारलेली माणसं, मग बायका. बायकांची वेळ येताच सगळे पुरुष खुर्च्या मागे सारून उभे राहिले. माझा नवराही राहिला.

"बायकांसाठी उभं राहूनच पितात," ती मला अभिमानाने म्हणाली.

टेबलाशी एकही बाई नव्हती. मला राग यायला हवा होता, पण तव्यावरची रोटी करपेल एवढंच डोक्यात आलं.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "बघितलंस, केवढा मान देतात बायकांना?"

मी "हो" म्हटलं. घरी येऊन भाताचा कुकर लावला. तिथे आम्ही दोघी जेवलोच नव्हतो.