चौकटीचा नारळ मीच फोडला!

मंडळी, दोन तास झाले तरी आनंद मावत नाहीये! निरगुडसरच्या माझ्या घराला निवृत्तीनंतर हौसेने एक खोली वाढवली. आज तिला सागवानी चौकट बसली. आठवडाभर ती मी स्वतः घासली, तेल पाजलं.

आणि ऐन वेळी आमचे सुतारभाऊ म्हणतात, "ताई, पूजा जोडीनं लागती. पुतण्याला न् सूनबाईला बोलवा की."

मी लग्न केलेलं नाही. म्हटलं, "भाऊ, चौकट घासताना जोडी लागली नाही, नारळ फोडतानाच बरी लागते?"

"रीतच हाय ती, ताई."

मला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर आठवल्या. शाळेची फुटकी कौलं त्या स्वतः शिडीवर चढून बदलायच्या, आम्ही मुली खाली शिडी धरायचो. तुमची जोडी कुठंय, असं त्यांना कोणी विचारलं नाही. छप्परही कधी गळलं नाही.

मी हळदकुंकू वाहिलं आणि एका फटक्यात नारळ फोडला.

मग सुतारभाऊ खोबरं हातात घेऊन हळूच म्हणाले, "माझी थोरली बी एकटीच ऱ्हाती. सोताच्या पगारावर घर बांधलं तिनं. पूजेला मी तिच्या भावाला बसवलं. लई रडली व्हती."

"मग हे खोबरं घेऊन आजच जा तिच्याकडे."

गेलेसुद्धा! काम अर्धवट टाकून गेलेल्या सुताराचा मला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला नाही.

तुमच्या घराच्या चौकटीला नारळ कोणी फोडला होता? खरं सांगा.