एकोणीस मिलिमीटर

"तुमच्या हृदयाची भिंत एकोणीस मिलिमीटर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ती बाराच्या आत हवी."

डॉक्टर केरळच्या, त्यामुळे आमचं बोलणं हिंदीत चाललं होतं. स्क्रीनवर माझं हृदय हलत होतं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वडील. मी सहावीत असताना दाभोळच्या बंदरावर जाळी उतरवताना कोसळले. वय अडतीस. गावात सगळे म्हणाले, अटॅक.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "आजपासून धावायचं नाही."

आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. म्हणजे हृदयाचा स्नायू रक्तदाब वगैरे काही कारण नसताना जाड होतो. माणूस ठणठणीत दिसतो, पण जोरात धावताना ठोका अचानक बिघडू शकतो. मी तर तिसऱ्या हंगामासाठी फिटनेसचा कागद घ्यायला गेलो होतो.

मी व्यावसायिक बेसबॉल खेळायचो, हे मराठी माणसाला सांगितलं की तो हसतो. शाळेत क्रिकेट खेळताना सीमारेषेवरून माझा चेंडू थेट यष्ट्यांवर यायचा. ते पाहून सरांनी मला सॉफ्टबॉलमध्ये घातलं, तिथून बेसबॉलमध्ये गेलो. महाराष्ट्राकडून खेळलो, दोनदा भारताची जर्सी घातली. त्यावर पोट भरत नाही म्हणून दोह्याला आलो. जवळच्या लुसैल शहरात एका ऑफिसात कागदपत्रं सांभाळतो. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जपानी, अमेरिकन, फिलिपिनो लोकांबरोबर खेळायचो. आखातात एक लीग सुरू झाली आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी मला आउटफिल्डरचा करार मिळाला. आउटफिल्डर म्हणजे मैदानाच्या पार मागे उभा राहणारा. उंच आलेल्या चेंडूमागे धावायचं, तो पकडायचा आणि लांबून फेकायचा. हिवाळ्यातले काही आठवडे, असे दोन हंगाम खेळलो. एका फॉर्मवर व्यवसाय म्हणून मी 'बेसबॉल खेळाडू' असं लिहिलं, तेव्हा शबानाने, माझ्या बायकोने, त्याचा फोटो काढून ठेवला होता.

दुसऱ्या हंगामात एकदा चेंडूमागे धावताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मी उन्हाला दोष दिला आणि पाणी प्यायलो. तुमच्या बाबतीत असं झालं तर उन्हावर ढकलू नका. एक इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या.

डॉक्टरांनी एक आशाही दाखवली होती. खूप सरावानेही खेळाडूचं हृदय जाड होतं, त्याला ॲथलीट्स हार्ट म्हणतात. सराव थांबवला की ते उतरतं. तीन महिने थांबून बघू, असं त्या म्हणाल्या. ते तीन महिने मी जिना चढलो नाही. मेट्रो सुटताना दिसली तरी पाऊल उचललं नाही. वेटिंग रूममध्ये माझ्या आजूबाजूला सगळे साठीच्या पुढचे असायचे. एकाने मला विचारलं, वडिलांना घेऊन आलायत का.

दुसरा इको: एकोणीस. एमआरआयमध्ये फायब्रोसिस दिसलं, म्हणजे स्नायूत चट्टे पडलेले. संघाच्या मॅनेजरने स्वतः फोन केला, वाईट वाटलं म्हणाला आणि माझ्या जागी दुसरा घेतला. त्याचं काही चुकलं नाही. खलास, एवढंच मी शबानाला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. असे बरेच दिवस गेले. ऑफिसात काम व्हायचं, घरी आलो की मी नसल्यासारखाच.

मग आयसीडी बसवली. हे गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवायचं छोटं यंत्र. ठोका बिघडला तर ते आतून झटका देतं. बहुतेकांना डाव्या बाजूला बसवतात. सर्जनने विचारलं, चेंडू कुठल्या हाताने फेकता? मी डावखुरा. म्हटलं, आता काही फरक पडत नाही, डावीकडेच बसवा. पुढचे काही आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. शबाना मला शर्ट घालायची.

खरा घाव त्यानंतरचा. हा आजार रक्तातून उतरतो आणि मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. माझी मुलगी आलिया नऊ वर्षांची. तिची जीन टेस्ट केली. रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत मी नमाजातही दुसरं काही मागितलं नाही. रिपोर्ट आला. तिच्यातही आहे.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "तिचा इको आज अगदी स्वच्छ आहे. कदाचित काही होणारही नाही. दर वर्षी तपासू. तोपर्यंत तिला खेळू द्या."

मी ऐकलं आणि त्याच्या उलट केलं. अल दुहैलमधल्या तिच्या शाळेत चिठ्ठी दिली की तब्येतीमुळे हिला खेळाच्या तासाला बसवून ठेवा. घरात कुणाला सांगितलं नाही. आलिया चार महिने बाकावर बसली. मग एका दुपारी जेवताना तिने माझ्या चिठ्ठीचं आणि बाकाचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "अब्बा, व्हॉट डिड आय डू राँग?"

ती खोलीत गेल्यावर शबाना म्हणाली, "डॉक्टरांनी तिला थांबवलं नाही. तुम्ही थांबवलंत." आवाज चढवला नाही. "तुमचा खेळ गेला, त्याचं मलाही दुःख आहे. पण पोरगी आजारी नाही. तिला आजारी करू नका."

रविवारी, इथे आठवडा त्याच दिवशी सुरू होतो, शाळेत जाऊन मी चिठ्ठी परत घेतली. शिक्षिकेला सगळं खरं सांगितलं, डॉक्टरांचं पत्र दिलं. हृदयाला बाहेरून झटका द्यायचं यंत्र शाळेत कुठे ठेवलंय, तेही बघून आलो. तुमच्या घरात हे असेल तर मुलांची तपासणी करा. आणि डॉक्टर जेवढं सांगतील तेवढंच थांबवा. हे सांगायला सोपं आहे, मला ते जमत नव्हतं.

मी बरा झालेलो नाही. हा आजार बरा होत नाही, आणि मनातली भीतीही रोज उठून बसते. पण त्या दोन बायकांचे, डॉक्टरांचे आणि शबानाचे, माझ्यावर उपकार आहेत.

परवा शाळेत रिले होती. आलिया शेवटच्या टप्प्यात धावली, तिसरी आली. लालबुंद तोंडाने माझ्याकडे येऊन धापा टाकत म्हणाली, "अब्बा, डिड यू सी?"

पाहिलं, म्हणालो. खरं तर ती धावायला लागली तेव्हाच मी डोळे मिटून घेतले होते. पुढच्या वेळी उघडे ठेवीन.