मागची केबल
कांबळेकाका कॉम्प्युटरच्या तोंडाकडं आधी कधी बघायचेच नाहीत. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारातल्या त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात कुणी मशीन आणलं, की ते फिरवून मागून न्याहाळायचे. म्हणायचे, "पाठ दावा आधी. दुखणं तिथंच असतंय."

गेमिंगचं वेड लागलं तेव्हा मी पुण्याहून वेगळं ग्राफिक्स कार्ड मागवलं आणि मोठ्या रुबाबात स्वतःच बसवलं. माझा मावसभाऊ संदीप प्रोसेसरच्या अंगच्याच ग्राफिक्सवर खेळायचा. उठता-बसता मी त्याला टोमणे मारत असे, "कार्डाबिगर गेम म्हंजे मिठाबिगर वरण." काका नुसते हसायचे. "चित्र हलतंय न्हवं? मग खेळा की गुमान."

धाराशिवला जिल्ह्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. मशीन आपापलं न्यायचं होतं. इथवर आले ती कार्डाच्याच जोरावर, असं मी गावभर सांगून ठेवलेलं. नेमकं त्याच सकाळी मशीन सुरू होईना. रडकुंडीला येऊन काकांचं दुकान गाठलं. त्यांनी पाठ पाहिली, कार्ड उपसून काढलं, बटण दाबलं. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर चित्रही आलं!

"कार्ड जळालंय," काका म्हणाले.

"मग चित्र कसं आलं?"

"पडद्याची केबल कुठं हाय बघ. कार्डात न्हाय, मदरबोर्डात लावलीस. म्या तिला हातबी लावला न्हाय."

"पहिल्या दिवसापासनं तिथंच हाय, काका."

"मग कार्ड नुसतं बसून व्हतं, पोरी. तू बी संदीपवानीच प्रोसेसरच्या जिवावर खेळलीस. जा, आताबी तशीच खेळ."

लाज वाटली, पण त्याआधी इतकं हायसं वाटलं की मशीन उचलून मी थेट धाराशिव गाठलं.

मी दुसरी आले. संध्याकाळी काकांनी ते कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिलं. "जपून ठिव. लई गुणाचं कार्ड, एकदाबी हारलं न्हाय."

"काका, संदीपला सांगू नका."

"म्या कशाला सांगू?"

गेल्या वर्षी काका गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाल्यावर मी संदीपला सगळं सांगून टाकलं. मोकळं वाटलं. तो हसता हसता डोळे पुसायला लागला.

"माझं बी एक गुपित व्हतं काकांकडं," तो म्हणाला.

"कुठलं रं?"

"काकांनी सांगितलं न्हाय न्हवं? मग झालं."