आडव्या पायाचा फोटो

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तात्या निवृत्त झाले. चिकलठाण्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात ते कृत्रिम पायाचे सॉकेट, म्हणजे कापलेल्या पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो तो प्याला, बनवत. समोर आलेली वस्तू ते आधी अंगठ्याने दाबत, मग पाहत. पेरू, डब्यातली भाकरी, नव्या साहेबांची खुर्चीसुद्धा.

माझे काम संगणकावर. हाड कुठे, त्यावर मांस किती, चालताना दाब कुठे येईल, हे स्कॅनवरून काढायचे आणि सॉकेटचा आकार ठरवायचा. तात्या स्कॅनला फोटो म्हणत. ‘तुमचा फोटो काय म्हणतो, मॅडम?’ असे विचारूनच ते हत्यार हातात घेत. त्यात चेष्टा नसे.

करमाडच्या एका अंगणवाडीताईंचा पाय अपघातानंतर गुडघ्याखाली कापला होता. सॉकेटमध्ये हाडाच्या टोकाशी जखम होई, भरे, पुन्हा उघडे. आता चिघळली तर गुडघ्याच्या वरून कापावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मी आखलेल्या नव्या सॉकेटमध्येही चार दिवसांत तीच जागा लाल झाली.

तात्यांनी ताईंना कठड्याला धरून उभे केले आणि पाय चहूबाजूंनी दाबून पाहिला.

‘तात्या, अंगठा हाय का पक्कड?’ ताई म्हणाल्या.

‘पक्कड असती तर शिव्या दिल्या असत्या तुम्ही.’

मग फोटो काढताना पाय कसा होता, असे त्यांनी मला विचारले. झोपवून, टेबलावर टेकवलेला, मी सांगितले.

‘मशीन खोटं बोलत नाय. पण तिला आडवा माणूस दावला, तर ती आडव्याचंच सांगणार.’

चूक माझी होती. टेकलेल्या पायाचे मांस खालून दबून पुढे सरकले होते. स्कॅनमध्ये हाडावर दिसणारी गादी ताई उभ्या राहिल्यावर तिथे नव्हतीच.

दुसऱ्या स्कॅनला मांडीखाली आधार देऊन पाय अधांतरी ठेवला. तात्यांनी पेनाने खुणा केलेल्या जागा सोनोग्राफीखाली दाबून, कोणती किती दबते ते मी मोजले. पातळ जागी सॉकेट मऊ केले. भार पोटरीकडे घेतला.

तात्यांच्या निवृत्तीनंतरच्या आठवड्यात ताईंची तपासणी होती. तात्या न बोलावता आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. ताई बाहेर आल्या.

‘जखम भरली, तात्या. गुडघा वाचला.’

जेवलात का, एवढेच तात्यांनी विचारले.

शस्त्रक्रियेची गरज नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले. पुढच्या सोमवारी ताई अंगणवाडीत रुजू झाल्या.